वैनीचे पक्षी

सव्वीस वर्षांपूर्वी मी अकरा माणसांना शिवडीच्या जेटीवर नेलं आणि पाणी दाखवून परत आणलं. नुसतं पाणी. कबूल मात्र हजारो गुलाबी पक्षी केले होते.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणाच्या पोराला गोवर आला, कुणाचं लोणचं बिघडलं, कुणाच्या मुलीला बघायला आले, की ही बाई न बोलावता हजर. अशा बाईच्या हाती एके दिवशी शेंगदाण्याच्या पुडीचा कागद लागला. त्यात छापलं होतं की शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात. शिवडी म्हणजे आमच्यापासून बसने वीस मिनिटं! मी संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर सांगून मोकळी झाले की येत्या सुट्टीला मी सगळ्यांना पक्षी दाखवायला नेणार.

आता यात चूक कुठे झाली ते सांगते. मी देवगडकडची. माझे वडील खाडीत होडी घालायचे. भरती कधी हे बघायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचं पाऊणपट करायचं, तितक्या वाजता भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. आणि आमच्या गावाला जे काही चांगलं येतं ते भरतीबरोबर येतं. मासळी भरतीला आत शिरते, होड्या भरतीला घरी येतात, मुंबईहून येणारा मामासुद्धा भरतीलाच तरीतून उतरायचा. तेव्हा पक्षीही भरतीलाच येणार, याविषयी मला काडीची शंका आली नाही. कुणाला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. मी पौर्णिमा गाठली, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा असं गणित केलं आणि बरोबर सव्वाअकराला सासूबाई, आमचे हे, दोन मुलं, चाळीतली सहा माणसं आणि माझी नणंद कुसुम, अशी वरात जेटीच्या टोकाला उभी केली.

पाणी काठोकाठ डबडबलेलं. आकाशात एक घार. पाण्यात एक टायर.

दहा मिनिटं सगळे पाण्याकडेच बघत होते. मग हे म्हणाले, "थांबूया का जरा?"

पण कुसुमवन्सं कसल्या थांबतात! त्या लालबागला दिलेल्या, तिथल्या चाळीत राहायच्या. त्यांनी त्या दिवसासाठी मुद्दाम नवी कोल्हापुरी घेतली होती. जाताना ती करकर वाजत होती, येताना त्यांचं तोंड. "थांबान काय करतलंस?" त्या भावाला म्हणाल्या. "साडेबाराक माझ्या नळाची पाळी आसा. वैनीचे पक्षी हंडे भरून देतले काय?"

झालं. निघालो. परतीच्या बसमध्ये ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "पाणी छान होतं." त्या माणसाला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो असलं काहीतरी शोधून काढायचा.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यात एक शब्द रुजला: वैनीचे पक्षी. जे येणार येणार म्हणतात आणि येत नाही, ते वैनीचे पक्षी. गॅसचा सिलिंडर, गिरणीचा बोनस, प्लंबर, गणपतीला येतो म्हणालेला जावई. माझ्या मुलाच्या लग्नात भटजींना उशीर झाला तेव्हा भर मांडवात वन्सं म्हणाल्या, "भटजी म्हणजे वैनीचो पक्षी झालो." मांडव हसला. नवी सूनही हसली, आणि तिचं तर त्या घरात अजून पाऊलही पडायचं होतं.

मी त्यानंतर शिवडीला गेले नाही. सव्वीस वर्षं! वीस मिनिटांवर असून.

या थंडीत माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा नातीने विचारलं, "आजी, आता पहिलं काय बघायचंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "फ्लेमिंगो." पोरीने तिथल्या तिथे मोबाईलवर खाडीतल्या पक्ष्यांच्या एका सहलीत माझं नाव घातलं. सकाळी शिवडी, मग खाडीतून बोट, सोबत माहिती देणारी बाई. मी म्हटलं, दोन नावं घाल. मला साक्षीदार लागेल.

वन्संना फोन केला. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला अगंतुगं. आमच्यात असंच आहे. मी म्हटलं, "एक सौदा करू. शिवडीला पक्षी दिसले तर ते 'वैनीचे पक्षी' बोलणं त्या दिवसापासून बंद. नाही दिसले तर माझ्या तेराव्याच्या पंगतीलाही खुशाल म्हणा."

"शिवडीकच दिसाक होये हां," वन्सं म्हणाल्या. "खंयतरी भलतीकडे दाखवशीत आणि म्हणशीत झाला."

"शिवडीलाच."

"मग येतंय. माका तेराव्याचीच खात्री आसा."

लालबाग, पुलाखाली

रविवार, माघातली तेरस. बस दादरहून निघून सव्वासातला आम्हाला लालबागच्या पुलाखाली घेणार होती. मी सातलाच वन्संना घेऊन पुलाखाली उभी. आता लालबागच्या पुलाला दोन टोकं आहेत हे मला गेली कित्येक वर्षं माहीत आहे. पण बस ज्या टोकाला उभी होती त्याच्या दुसऱ्या टोकाला मी उभी होते, आणि मोबाईल पिशवीत घावण्यांच्या डब्याखाली गाडलेला होता. चाळीस मिनिटं! केतकी, म्हणजे आमची पक्षी दाखवणारी बाई, शेवटी चालत शोधायला आली. पस्तिशीची, गळ्यात दुर्बीण, आवाज बारीक पण न थकणारा. तिने आधी मला पाहिलं, मग वन्संना. वन्सं राणी रंगाची साडी नेसून आल्या होत्या.

"आजी, मेसेजमध्ये मातकट रंगाचे कपडे लिहिलं होतं ना? भडक रंगाला पक्षी बिचकतात."

"गुलाबी पक्षी गुलाबी साडीक कित्याक भियतले?" वन्संनी विचारलं. केतकीने आम्हाला बसकडे वळवलं. पायात मात्र त्यांनी नातवाचे पांढरे कापडी बूट घातले होते, लेस सोडलेल्या.

बसमध्ये चढलो तर बारा माणसं आमच्याकडे बघत होती. मी हसून नमस्कार केला. बस दोन खांब पुढे गेली नसेल, तर वन्संनी माझा दंड धरला. गॅस चालू राहिलाय! बस थांबवली. वन्संचे गुडघे आणि तिसरा मजला, त्यामुळे वर मी गेले. गॅस बंद होता. खाली आले तेव्हा आणखी अर्धा तास गेला होता आणि पहिल्या सीटवरचे पेंडसे मोठ्याने घड्याळ बघत होते. घड्याळ मोठ्याने बघता येतं हे मला त्या दिवशी कळलं. दादरचे, बँकेतून निवृत्त झालेले, मांडीवर दुधी भोपळ्याएवढी लेन्स आणि खिशात पक्ष्यांची यादी. एकेका नावासमोर चौकोन, पक्षी दिसला की बरोबरची खूण.

"दोन वाजता घरी जेवायला पोचायचंय," ते केतकीला म्हणाले. "पुढे कसं बसवणार?"

गिरणगावात भूक लागली की जेवतात. दादरला दोन वाजले की भूक लागते.

शिवडीची जेटी, पहिल्यांदा

पावणेनऊला पोचलो. गंजलेली जहाजं, तेलाचा आणि खाऱ्या चिखलाचा वास, वाटेत झोपलेली कुत्री, सगळं जागच्या जागी. समोर समुद्रावरचा तो नवा लांबलचक पूल मात्र तेव्हा नव्हता. जेटीच्या टोकाला गेले आणि पाय थांबले.

पाणी काठोकाठ डबडबलेलं. एक घार. टायर तेवढा नव्हता.

माझ्या शेजारी वन्संनी लांब श्वास घेतला. तो टोमण्याहून वाईट असतो.

"सॉरी हं," केतकी सगळ्यांना म्हणाली. "साडेसातला पोचलो असतो तर अगदी जवळ दिसले असते. आता पाणी चढलंय." साडेसातला पोचलो असतो. तेरा माणसांत कुणीही आमच्याकडे बघितलं नाही, इतक्या शिस्तीने बघितलं नाही की माझे कान गरम झाले. म्हणजे पुन्हा मीच! सेहेचाळिसाव्या वर्षी गाढव होते ते समजू शकते, पण बहात्तराव्या वर्षी मनुष्याने निदान पुलाचं टोक तरी नीट विचारावं.

मग केतकीने समजावून सांगितलं. हे पक्षी चिखलात चरतात. पाणी भरलं की चिखल झाकला जातो, आणि ते खाडीपलीकडच्या पाणथळीत विसावायला जातात. पाणी उतरू लागलं की आधी काठाचा चिखल उघडा पडतो. तेव्हा ते परत येतात आणि अगदी जेटीच्या पायाशी उतरतात. मग जसजसं पाणी मागे सरतं तसतसे पाण्याच्या कडेने दूर जातात. "भरतीनंतर दोन-अडीच तास म्हणजे उत्तम वेळ," ती म्हणाली.

मी ते ऐकलं आणि मनातल्या मनात एक जुनं गणित मांडलं. पौर्णिमा. सव्वाअकरा. त्यात दोन-अडीच तास. सव्वा ते पावणेदोन. त्या दिवशी आम्ही बाराच्या आत निघालो होतो.

मी वन्संकडे पाहिलं. त्या खाली वाकून बुटाची लेस बांधत होत्या. सकाळपासून सोडलेली लेस त्यांना आत्ताच बांधायची होती.

"आता आपण बोटीकडे निघू," केतकी म्हणत होती. "बोटीला पाणी लागतं, ती आत्ताच घ्यायला हवी. शिवडी पुन्हा कधीतरी करू."

पुन्हा कधीतरी? माझ्या वयाच्या बाईला हे सांगू नये.

"बाळा," मी म्हटलं, "आज तेरस. तेराचे पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला भरती पूर्ण. बोट करून साडेबारापर्यंत इथे परत आलो तर?"

तिने मोबाईल काढला, बोट फिरवलं आणि भुवया वर गेल्या. "भरती दहा वाजून पाच मिनिटं. आजी, हे तुम्ही कुठे बघितलंत?"

"कॅलेंडरवर," मी म्हटलं. वीस मिनिटांचा फरक मी मोबाईलला माफ केला.

केतकी विचारात पडली. बोटीहून परत यायला तासभर, रविवारचा रस्ता, दुपारचं ऊन. उशीर झाला तर पक्षी लांब गेलेले असणार. आणि ते नेमके इथेच उतरतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. तिने सगळ्यांना विचारलं. पेंडसे म्हणाले, "दोनला जेवण." बाकीचे काही हो, काही बघू. माझी बाजू पडणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"येवया ना परत," वन्सं म्हणाल्या. "घावणे आसत. सगळ्यांक पुरतीत."

मी वळून बघितलं. त्यांना हरायला आवडत नाही, आणि सौद्यात तर त्या जिंकलेल्या होत्या! गुपचूप बोटीला गेल्या असत्या तर माझ्या तेराव्यापर्यंतची सोय झाली होती. मग हे मध्येच काय? पण घावण्यांचं नाव ऐकल्यावर मंडळींची हवा फिरली आणि मला विचार करायला वेळ मिळाला नाही.

खाडीत

बोट खाडीच्या वरच्या अंगाला होती. चालवणारा पाटील नावाचा, तिथल्याच कोळीवाड्यातला, पन्नाशीचा माणूस. बोट सुटली, दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत लागली आणि शहर एकदम गप्प झालं. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा होता, तो मी वर केला. तिवराच्या पानापानाची कड दिसत होती. एक खंड्या वाकलेल्या फांदीवर बसला होता, त्याची निळाई बघून मला दुखल्यासारखं झालं. वर्षभर मी जगाकडे मेणकागदातून बघत होते आणि मला वाटत होतं जगच जुनं झालंय.

"आज भरती किती वाजता धरलीत?" मी पाटलाला विचारलं.

"तेरस ना? हिशोबानं पावनेधा," तो म्हणाला.

"पावणेदहा," मीही त्याच क्षणी म्हटलं.

त्याने सुकाणू धरूनच मागे वळून बघितलं. "आजी, गाव कंचं?"

"देवगड."

"मंग बराबर. आमचा बापूस बी तसाच मोजायचा. पन मुंबईचं पानी थोडं उशिरा भरतंय. पाव घंटा, इस मिनटं पुढं धरायचं."

म्हणजे ती वीस मिनिटं मोबाईलची नव्हती, माझीच होती. देवगडचं माप मुंबईला लावलं होतं. मी हे केतकीला सांगितलं नाही. इथे प्रथमच लिहिते आहे.

काठाच्या चिखलाच्या शेवटच्या पट्ट्यात निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलात चालतात त्या. केतकी त्यांच्या श्वास घेण्याबद्दल फार सुंदर सांगत होती. तिचं संपल्यावर वन्संनी निवट्या कशा राखेत घोळून साफ करायच्या आणि त्यात कोकम किती घालायचं ते सांगितलं. केतकीने डोळे मिटून घेतले. पाटील म्हणाला, "कोकम नाय, कैरी." त्यावरून त्यांचं दहा मिनिटं चाललं.

पेंडसे मात्र कुणाशी बोलेनात. लेन्स लावून बसलेले. मला राहवलं नाही. लांब पाण्यात काहीतरी काळं वरखाली होत होतं. मी हळूच म्हटलं, "तो बघा, पाणकावळा. बुडी मारतोय." पेंडशांनी श्वास रोखून एकोणीस फोटो काढले. यादीत खूण केली. बोट जवळ गेली तेव्हा ती कोल्ड्रिंकची बाटली निघाली. बोटीत हसू फुटलं. पेंडशांनी माझ्याकडे बघितलं, यादीतली खूण नीट खोडली आणि म्हणाले, "आजी, शाळेत तुम्हाला अंगठे धरून किती उभं करायचे?" मग मात्र ते माणसात आले.

दूर पलीकडच्या पाणथळीत केतकीने एक करड्या ठिपक्यांची ओळ दाखवली. दुर्बिणीतून बघितलं तर एका पायावर झोपलेले फ्लेमिंगो. वन्संनीही दुर्बीण घेतली.

"धुणा वाळत घातल्यासारखा दिसता," त्या म्हणाल्या. "ह्ये मोजूचे नाय हां, वैनी. सौदो शिवडीचो."

"मी कुठे मोजले?"

साडेअकराला परत धक्क्याकडे वळलो. काठावर चिखलाची बोटभर काळी किनार दिसू लागली होती. पाटील म्हणाला, "पानी वसरलं. आता सुटतील खाली." आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती ओळ उठली. इतकं हळू, की आधी मला वाटलं डोळ्यांत काही गेलं. लांब मान पुढे, लांब पाय मागे, आणि पंख उघडले की आत लाल आणि काळं. एकामागे एक थवे आमच्या डोक्यावरून दक्षिणेला निघाले. शिवडीच्या दिशेला.

"आजी, चला!" केतकी ओरडली. माहिती देणारी बाई ओरडताना मी पहिल्यांदाच बघितली.

मग सुरू झाली शर्यत. वर ते, खाली आमची बस. त्यांना सिग्नल नाहीत, आम्हाला प्रत्येक सिग्नल लाल. मी घावणे वाटले, ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. पेंडशांनी पहिला घावणा काट्याने खाता येईल का असं विचारलं, दुसरा विचारला नाही, आणि तिसऱ्याच्या वेळी ड्रायव्हरला म्हणाले, "अहो, डावीकडून काढा की!" दोन वाजताच्या जेवणाचं नाव निघालं नाही. एका पुलावर बस अठरा मिनिटं अडकली. मी खिडकीतून आकाशात बघत होते. तिथे आता काही नव्हतं. पाणी मात्र मागे सरतच असणार, ते कुणासाठी थांबत नाही, हे मला गावापासून माहीत होतं. शेजारी वन्सं माझ्यासारख्याच आकाशात बघत होत्या.

शिवडीची जेटी, दुसऱ्यांदा

एकला दहा कमी. बस थांबली तशी मी उतरले आणि चालायला लागले. पळाले म्हणत नाही, पण केतकीने मागून "आजी, सावकाश" असं तीनदा म्हटलं. जहाजं दुरुस्त करायच्या जागेवरून वळसा घेतला आणि पक्षी दिसायच्या आधी कानावर आले. शंभर बायका रेशनच्या रांगेत हलक्या आवाजात बोलत असाव्यात तसा आवाज.

जेटीच्या दगडांपासून तीस-चाळीस पावलांवर चिखल उघडा पडला होता, आणि तो चिखल दिसत नव्हता. नुसते पाय दिसत होते. गुलाबी काड्यांचं रान! वर पांढरट गुलाबी अंगं, एकात एक मिसळलेली, पुलाच्या खांबांपर्यंत. चोच उलटी करून, डोकं खालवर करून ते चिखल गाळत होते. पाय जागच्या जागी तुडवत, गोल फिरत. मी माझ्या नव्या डोळ्यांनी एकेकाचा गुडघा मोजू शकत होते. एका करड्या पिल्लाने चोचीतून काहीतरी सांडलं आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. तेही दिसलं.

पेंडशांच्या यंत्राचा आवाज थांबत नव्हता. केतकी हळू आवाजात सांगत होती की यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव.

"म्हणजे जवळाच की," मी म्हटलं. "मी सत्तर वर्षं जवळा खातेय. मला कुठे रंग चढला?"

ती इतकी हसली की जवळचे दहाबारा पक्षी दोन पावलं सरकले. राणी रंगाच्या साडीने मात्र एकही हलला नाही. हे मला नमूद करायला हवं, कारण वन्संनी ते मला त्या दिवशी चार वेळा दाखवलं.

मी जेटीच्या अगदी टोकाला गेले. तीच जागा. इथेच हे उभे होते, हात मागे बांधून, आणि म्हणाले होते, थांबूया का जरा. मला एकाएकी असं वाटलं की शेजारी उभं राहून ते आत्ता म्हणतील, "पाणी छान होतं, पण हेही बरं आहे." मी पदराने चष्मा पुसला. ऑपरेशननंतर डोळ्यांना पाणी येतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

मग मी वळले. विजय मिळाल्यावर सभ्य माणसं गप्प राहतात असं ऐकते. मी कमरेवर हात ठेवले आणि मोठ्याने म्हटलं, "वन्सं! खंय गेले वैनीचे पक्षी?"

तेरा माणसं बघत होती. वन्सं एका लोखंडी खुंटाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पक्ष्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात कोपरापासून जोडले. "सगळे हंयच आसत," त्या म्हणाल्या. "जिंकलंस बाये. आता बोलूचंय नाय."

मी घरी फोन लावला. स्पीकरवर. सून, मुलगा, नात, सगळ्यांना तो आवाज ऐकवला. मुलाने विचारलं, "आई, कसला गोंगाट आहे हा?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नातले भटजी आले रे." पलीकडून सुनेचं ते हसू. मांडवात हसली होती तेच. या वेळी मला गोड लागलं.

आम्ही तिथे दीड तास होतो. पेंडसे तीन वाजता दादरला पोचले असतील, उपाशी नक्कीच नाहीत. आम्ही उतरताना त्यांनी यादी माझ्यापुढे धरली. 'रोहित', म्हणजे फ्लेमिंगोच, या नावासमोर त्यांनी खूण केली नव्हती. "ही तुम्ही करा," म्हणाले. मी केली. इतकी मोठी केली की वरचा पाणकावळाही तिच्यात आला.

लालबागला आम्ही दोघी पुलाच्या बरोबर टोकाला उतरलो. मिरची कांडपाच्या दुकानाबाहेर बाकडं होतं. वन्सं म्हणाल्या, जरा टेकूया. हवेत लाल मिरचीचा खाट, दोघींना शिंका. त्यांनी नातवाचे बूट काढले, पाय मोकळे केले आणि बराच वेळ आपल्या अंगठ्यांकडे बघत बसल्या. मी म्हटलं, "काय झालं? बूट लागले?"

"नाय गे. बूट बरे आसत," त्या म्हणाल्या. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, माझ्याकडे सरकल्या आणि म्हणाल्या:

"वैनी, त्या दिवशी नळाची पाळी माझी नव्हतीच. नवी चप्पल चावत होती, आणि सगळ्यांसमोर सांगूक माका लाज वाटली. ह्यां कोणाक सांगू नको हां."